आजारीचा रकाना

१६ ऑगस्ट १९८४

कचेरीतल्या भैयाजी बाबूंनी लसीकरणाचं एक जुनं रजिस्टर दिलं. पुढची पानं भरलेली, मागची कोरी. म्हणाले, रद्दीत जाणार होतं, तुम्ही काहीबाही लिहिता म्हणून ठेवलं. शाळेची पायरी मी कधी चढले नाही. माझी सत्यशीला पहिलीत होती तेव्हा ती पाटीवर गिरवायची आणि मी चुलीपुढच्या राखेत. तिची शाळा सातवीत सुटली, माझी अजून चालूच आहे.

आज नवी तुकडी आली. बावीस पोरी, बावीस पत्र्याच्या पेट्या. अठरा महिने इथं राहतील, बाळंतपण करायला शिकतील, मग खेड्यापाड्यांतल्या उपकेंद्रांवर नर्सबाई म्हणून जातील. मी वसतिगृहाची बाई. किल्ल्या माझ्याकडे, आजाऱ्याची पेज माझ्याकडे, आणि पहिल्या दिवशी नियम वाचून दाखवायचे तेही माझ्याकडेच. बेचाळीस नियम आहेत. हातात बांगडी नको, वार्डात टोपीशिवाय पाय नको, सातच्या आत वसतिगृहात, शिक्षण संपेपर्यंत लग्न नाही. वीस बाळंतपणं स्वतःच्या हातानं, सिस्टरच्या सहीनिशी वहीत. अठरा महिन्यांत आजारपण तीस दिवसांच्या वर गेलं तर परीक्षेचा फॉर्म नाही. एकोणिसावा नियम वाचताना मी आवाज थोडा खाली करते: पाळी हे ड्युटी टाळण्याचं कारण धरलं जाणार नाही. पोरी पदरात हसल्या. एक हसली नाही.

यंदापासून नर्सबाईंची ही शाळा चालवणाऱ्या मोठ्या सिस्टरनी सकाळच्या हजेरीचं रजिस्टर माझ्या हाती दिलं. म्हणाल्या, तुमचं अक्षर स्वच्छ आहे, बायनाबाई. चार रकाने: नाव, हजर, रजा, आजारी. खोलीत आल्यावर दोनदा उघडून पाहिलं. छप्पन साली चांद्याला दीक्षा घेतली, त्या दिवशी छातीत जसं झालं होतं तसंच काही झालं.

१९ ऑगस्ट

न हसलेली पोरगी जैनी पुंगाटी. आलापल्लीच्या पुढे बस जिथं थांबते तिथून दीड दिवस पायी, असं तिचं गाव. माडिया लोकांचं. बाप सुकलू सोडायला आला होता, तो तीन दिवस आमच्या आवारातच चिंचेखाली झोपला. मराठी त्याला येत नाही. आज जाताना त्यानं मोठ्या सिस्टरपुढं अठरा खडे मांडले आणि गोंडीत बोलला. जैनीनं सांगितलं: अठरा महिने पोरगी शाळेची. पास झाली तर तिच्या मर्जीची. नाही झाली तर मामाच्या घरची. मामाच्या पोरासाठी ती लहानपणीच बोलून ठेवलेली आहे, मामानं एवढे दिवस थांबायचं कबूल केलं तेच मोठं.

मी विचारलं, तुले कोनं धाडलं इथं? म्हणाली, कोनी नाई. तिची काकू गावाबाहेरच्या झोपडीत एकटीच बाळंत होत होती. दोन दिवस आवाज आला. तिसऱ्या दिवशी आला नाही. तेव्हा ही दहा वर्षांची होती.

६ नोव्हेंबर

आजपासून वार्डाच्या ड्युट्या. सहाची घंटा झाली, एकवीस पोरी टोप्या घालून रांगेत. जैनी माझ्या खोलीच्या मागच्या पडवीत, चुलीपासून हातभर लांब, भिंतीला टेकून बसलेली. मला कळलं. त्यांच्या गावात बाया ते दिवस वेगळ्या झोपडीत काढतात.

मी रागावले. विटाळ हा शब्द मी जन्मभर ऐकला, विहिरीवर ऐकला, शाळेच्या दारात ऐकला. माझ्या पडवीत तो मला नको. म्हटलं, "ऊठ. अंगातलं रगत ते, कोनाले काय करते? नियमातबी लिवलं हाय."

ती उठली नाही. म्हणाली, "बाई, मले काई झालं तं होऊ दे. पन मी हात लावलो आन् त्या लेकराले लागलं तं? ते तं आताच आलं ना जगात."

ती स्वतःला घाण समजत नव्हती, लेकराला जपत होती. खोटी समजूत, पण मायेची. रजिस्टर उघडलं. रजा लिहावी तर अर्ज लागतो. गैरहजर असा रकानाच नाही. आजारीत रेघ ओढली, 'ताप' लिहिलं आणि रेघेशेजारी एक ठिपका दिला. तीस दिवसांचा नियम खऱ्या आजाराचा आहे, हे आजारपण नव्हे. ठिपका पाहून मोठ्या सिस्टरना कळेलच, बाईमाणूस आहेत. तोंडानं बोलावं लागू नये आणि कामही व्हावं. झाकली मूठ बरी.

९ फेब्रुवारी १९८५

बऱ्याच दिवसांत लिहिणं झालं नाही. थंडी सरत आली. जैनीचे हे दिवस आले की मला आधीच कळतं. मी लाखोरीची डाळ शिजत घालते. पहिल्या महिन्यात ती हातभर लांब बसायची, आता चुलीला लागूनच बसते. मला गोंडीत आकडे शिकवते, मी तिला जोडाक्षरं. कोर्सचं पुस्तक मोठ्यानं वाचून घेते तिच्याकडून. माझी खोली इतर वेळी मेली कशी असते, आणि या तीन दिवसांत कशी असते.

सत्यशीलेचं पत्र नाही. तिचं सासर बल्लारपूर, काही विलायत नाही.

३० एप्रिल

जैनीची बारा बाळंतपणं झाली. सिस्टर ट्यूटर म्हणाल्या, हिच्या हाताला डोळे आहेत. काल एक पोर निळं पडलेलं आलं. बाकीच्या पोरी गोंधळल्या, हिनं बोटानं तोंड साफ केलं, पाठ चोळली, तळव्यांवर टिचक्या मारल्या. रडलं. नंतर माझ्याकडे येऊन ती स्वतःच रडली. वार्डातल्या बाया आता नावानं विचारतात, ती काळी पोट्टी आली का ड्युटीवर म्हणून.

११ जून

आज एक मजाच झाली. मला माहीत होतं आज तिचा दिवस. डाळ चढवली, पाट मांडला. आणि ही सहाच्या आधीच कपडे करून, टोपी घालून उभी.

म्हणाली, "बाई, मी जाऊन पाह्यतो आज."

मी म्हटलं, "काऊन? कोनी बोललं का?"

"नाई. पुस्तकात वाचलो. तुमीच तं वाचाले लावलं. आन् सिस्टर म्हनते, हात धुतले का झालं."

चेहरा उतरलेला, ओठ सुकलेले. अंगात त्राण नसताना नियमाच्या भीतीनं पोरी असं करतात. मी सतरा तुकड्या पाहिल्या आहेत. म्हटलं, "एवढी घाई कायची? वार्ड कुठी पळून राह्यला का? बस." तिच्या डोक्यावरची टोपी मीच काढली, चुलीवरच्या खुंटीला लावली, आणि पोरीला पाटावर बसवलं. ती थोडा वेळ खुंटीकडे पाहत राहिली, मग जेवली. पुस्तक मात्र वाचलं नाही, डोकं दुखतं म्हणाली. पाहा, म्हणजे बरं नव्हतंच. मी ओळखलं ते खरं.

ताप, ठिपका.

१४ जुलै

जैनीनं आज विचारलंही नाही, आपणच येऊन बसली. लळा लागला आहे. आपलं माणूस कोण हे मुक्या जनावरालाही कळतं.

३ सप्टेंबर

लिहू की नको असं झालं आहे.

सकाळी नवाच्या सुमारास बैलगाडीतून एक बाई आणली. भामरागडाकडची, माडिया. पूर उतरायची वाट पाहत नदीकाठी दोन दिवस गेले म्हणे. तिला मराठीचा शब्द येत नव्हता. टेबलावर चढेना, सिस्टरांच्या हाताला चावली. बरोबरचा नवरा फाटकाबाहेरच बसून राहिला. तिचं ओरडणं माझ्या पडवीपर्यंत येत होतं. मला काही कळत नव्हतं, पण जैनीला शब्दन् शब्द कळत होता. तिचे कालपासून ते दिवस होते.

वार्डातून आया पळत आली: पुंगाटीले धाडा म्हनते, तिची बोली येते तिले.

जैनी उठली. मी तिचा हात धरला. आयेला सांगितलं, हिले ताप हाय. दुसरं काय सांगणार होते? रजिस्टरात तसंच लिहिलं होतं. आत्ता ही धडधाकट वार्डात गेली तर सगळे विचारतील, ताप कुठे गेला. आधीचे सगळे ताप उघडे पडले असते. मी तिच्या भल्याचंच पाहिलं. म्हटलं, "बस, बाई. तिथं चार सिस्टर हायेत."

ती बसली. हात मात्र माझ्या हातातून काढून घेतला.

दुपारी एकला ओरडणं थांबलं. पोर पोटातच गेलं होतं. बाई वाचली.

मी विचारलं, काय म्हणत होती ती? जैनी म्हणाली, "म्हने, मले टेबलावर नको, खाली बसू द्या. बसलो का होते. एवढंच म्हनून राह्यली होती."

५ सप्टेंबर

जैनी आज चौथ्या दिवशीही पडवीतच, पाठ करून बसलेली. ती बाई तिच्या गावाकडची, जिवाला लागलं असेल. मी डाळ केली, तिनं ताट भिंतीकडे सरकवलं.

१९ ऑक्टोबर

चंद्रपूरच्या सोळा तारखेच्या दीक्षेच्या कार्यक्रमाला सत्यशीला आली होती, तिथून दोन दिवस माझ्याकडे आली. नातू मोठा झाला, मला ओळखेना.

जैनी या महिन्यात आली नाही. तिचे दिवस होते, मला माहीत आहे, पण ती टोपी घालून सरळ वार्डात गेली. मला सांगितलंही नाही. मी हजर लिहिलं. डाळ जास्त झाली. मी सत्यशीलेजवळ बोलून गेले, पोरीची जात, पंख फुटले की उडतात, इतकं केलं हिचं.

सत्यशीला नातवाला दूध पाजत होती. वर न पाहता म्हणाली, "बरं झालं गेली ते. मलेबी तू असीच बसवत होती, माय. डोस्कं दुखते, पाऊस हाय, आज नोको जाऊ. सातवीची परीक्षा तसीच गेली."

मी म्हटलं, तुले खरंच ताप येत होता.

म्हणाली, "कवा कवा येत होता."

सासरी राहून जीभ तिखट झाली पोरीची. सकाळच्या पहिल्या बसनं गेली. दोन दिवस म्हणाली होती, दीडच राहिली.

१२ डिसेंबर

परीक्षेचे फॉर्म भरणं चालू आहे. जैनीची वीस बाळंतपणं दिवाळीतच पुरी झाली, तुकडीत सगळ्यांच्या आधी.

दुपारी भैयाजी बाबू चष्मा कपाळावर चढवून माझ्याकडे आले. म्हणाले, "बायनाबाई, या पुंगाटीले काई मोठं आजारपन हाय का? चौतीस दिवस भरते."

मी हसले. म्हटलं, "ते तसे नाई भाऊ. ते ठिपक्याचे हायेत."

"कायचे ठिपके? मी समजलो पेनातून शाई गळते तुमच्या."



१३ डिसेंबर

मोठ्या सिस्टरकडे गेले. रजिस्टर टेबलावर उघडं होतं. सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला.

मी म्हटलं, "तुमाले ठिपका कळन असं वाटलं मले, बाई."

"मी हे रजिस्टर कधी उघडलंच नाही, बायनाबाई. बेरीज बाबू करतात, मी सही करते."

"मंग आता खोडा ना. तिले ताप नोयताच."

"काय म्हणून खोडू? आजारी होती म्हटलं तर चार दिवस जास्त. नव्हती म्हटलं तर चौतीस दिवस ड्युटी टाळली आणि खोटी नोंद केली. पहिल्यात परीक्षा जाते, दुसऱ्यात पोरगी नावासकट जाते." रजिस्टर मिटून म्हणाल्या, "पहिल्या महिन्यात मला एकदा सांगितलं असतंत, तर ते तीन दिवस मी तिला सामानखोलीत लावलं असतं. चादरी मोजायला. दर तुकडीत एकदोघींना लावतेच मी. कोणी सांगितलं तर."

मला कोणी नव्हतं सांगितलं. नाही, असं कसं म्हणू? मीच नव्हतं विचारलं.

चूक माझी आहे, मला काढा म्हटलं. त्या म्हणाल्या, तुम्हाला काढून तिचे दिवस कमी होत नाहीत. नागपूरला परीक्षेच्या कचेरीला विनंतीचं पत्र मात्र आज लगेच लिहिलं. बाई वाईट नाही. वाईट असती तर बरं झालं असतं, तिच्यावर रागावता आलं असतं.

संध्याकाळी जैनीला सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, "तीसच्या आत असतो तं?"

म्हटलं, तर झालं असतं.

ती बोटांवर काही मोजत राहिली.

२० जानेवारी १९८६

नागपूरचं उत्तर आलं. नियमात सूट देता येत नाही. पुढच्या तुकडीबरोबर सहा महिन्यांनी बसता येईल.

सहा महिने काय, मी म्हटलं, डोळ्याचं पातं लवतं तोवर जातील. माझ्या खोलीत राहा. जैनी म्हणाली, "बाबानं खडे मोजून देल्ले होते, बाई. त्याच्यात खडा वाढत नाई."

४ फेब्रुवारी

परीक्षा चालू. एकवीस पोरी सकाळी रांगेनं गेल्या. बाविसावी पडवीच्या पायरीवर बसून पेटी भरत होती. सुकलू काल आला, पुन्हा चिंचेखाली बसला आहे. मी त्याच्यापुढं जाऊन हात जोडले. जैनीला म्हटलं, सांग त्याले, पोरीची चूक नाई, ह्या म्हातारीची हाय. तिनं सांगितलं की नाही कोण जाणे, दोनच शब्द बोलली. त्यानं माझ्याकडे पाहिलं, रागानं नाही. झाड पडलं की ते कुणीकडे पडलं एवढंच माणूस पाहतो, तसं.

सगळं जमा करावं लागतं. पातळं चार, पुस्तकं, कात्री. वीस सह्यांची वही तिनं मागितली. भैयाजी बाबू म्हणाले, ते शाळेचं रेकॉर्ड हाय, पोरी. मी माझ्या पेटीतला, नाळ बांधायच्या उकळलेल्या दोऱ्याचा रीळ आणि ब्लेडची नवी पाकिटं फडक्यात बांधून दिली. तिनं घेतली. हे एक तरी तिनं घेतलं.

म्हटलं, "जैने, मायावर रागावली का?"

ती पायावर वाकली. उठताना म्हणाली, "तुमी लई जीव लावला, बाई."

दिवसभर तेच वाक्य डोक्यात आहे. किती गोड बोलून गेली पोरगी. मग खाली ठेवता का येत नाही ते मला?

१७ मार्च

मोहफुलं पडायला लागली. आलापल्लीच्या बसच्या कंडक्टरनं सांगितलं, पुंगाटीच्या पोरीचं लग्न झालं, मामाच्या घरी. बसायचे दिवस गावाबाहेरच्या झोपडीत बसते का, हे त्याला कसं विचारू. बसतच असेल. सून आहे ती.

हजेरीचं रजिस्टर आता बाबूंकडे असतं. काल एक पोरगी पोट धरून पडवीत आली, बाई, आजारीत लिवा ना म्हणाली. मी तिला सिस्टरकडे पाठवलं. ती रडत गेली. चूल मी पेटवली नाही.

आज भैयाजी बाबू गेल्या तुकडीच्या सामानाची यादी घेऊन आले. प्रत्येकीला दोन टोप्या असतात. "पुंगाटीची एक कमी हाय. हरवली म्हनून लिवून टाकतो," म्हणाले.

मी म्हटलं, थांबा.

खोलीत गेले. चुलीवरच्या खुंटीला ती तिथंच होती. धुरानं पिवळी झालेली. नऊ महिने रोज तिच्याखाली मी भात शिजवला. हातात घेतली तेव्हा आतल्या बाजूला केसांच्या तेलाचा डाग तसाच होता, जैनीच्या डोक्याएवढा गोल.

बाबूंनी कागद पुढं केला. वस्तू, संख्या, कोठे मिळाली. "तुमचं अक्षर चांगलं हाय, तुमीच लिवा." मी लिहिलं: टोपी. एक. बायनाबाईच्या खोलीत, चुलीवरच्या खुंटीला.

त्यांनी वाचलं. म्हणाले, "इथी कशी आली?"

मी म्हटलं, "त्याले रकाना नाई, भाऊ."

मग त्यांच्याकडून जुनं हजेरीचं रजिस्टर मागून घेतलं. सहा नोव्हेंबरपासून बोट ठेवत खाली आले, एकेक रेघ, एकेक ठिपका. सगळं माझंच स्वच्छ अक्षर. मेअखेर एकवीस भरतात, तीसला नऊ कमी. नंतर अकरा जून आला, जैनी टोपी घालून उभी होती तो. बाविसावा.